मुंबईत मोठी गाडी घेताना : मोजपट्टीपासून डिलिव्हरीपर्यंत

मोठी गाडी पहिल्यांदा घेणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. यूट्यूबवर चार रिव्ह्यू, रविवारी शोरूम, तिथल्या तिथे टेस्ट ड्राइव्ह, आणि ‘सर, पुढच्या महिन्यात किंमत वाढतेय’ हे ऐकून बुकिंग. गाडी बिल्डिंगमध्ये आली की मग कळतं, ती पार्किंगमध्ये मावते, पण दार उघडत नाही. मुंबईपुरता तरी हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. गाडीची पहिली परीक्षा आपल्या तळमजल्यावर, दुसरी घरातल्या माणसांना आत बसवून, आणि शोरूममधल्या वाटाघाटी त्यानंतर.

पुढचं सगळं साधारण वीस ते ऐंशी लाखांच्या नव्या गाडीबद्दल आहे. एका बाजूला सफारी, इनोव्हा हायक्रॉस, कोडियाक, फॉर्च्युनर अशा सात जणांच्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला कॅम्री, मर्सिडीजच्या सी-क्लास आणि ई-क्लास, बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिज आणि फाइव्ह सीरिज अशा सेडान. बजेट एक असलं तरी या दोन जातींच्या गाड्या वेगळ्या घरांसाठी बनलेल्या आहेत.

आधी मोजपट्टी

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाच मीटरची टेप घ्या आणि आपल्या पार्किंगची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. रुंदी मोजताना खांबापासून खांबापर्यंत मोजा, जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत (२०३४ च्या आराखड्याबरोबर आलेली) मोठ्या गाडीची जागा २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब धरली आहे, लहान गाडीची २.३ बाय ४.५. नव्या टॉवरमध्येही तुमच्या वाट्याला लहान जागा आली असेल तर ते अलॉटमेंटच्या पत्रात तपासा. दादर-पार्ल्याच्या जुन्या स्टिल्टच्या इमारतींत तर यापेक्षाही कमी जागा मिळते.

आता आकडे शेजारी ठेवा. टाटा सफारी १,९२२ मिलिमीटर रुंद आहे, आणि कंपनी सांगते ती रुंदी बहुधा आरसे सोडून असते. २.३ मीटरच्या जागेत ती बरोबर मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस सेंटिमीटर उरतात. एवढ्या फटीतून मोठा माणूस बाहेर येत नाही. क्रेटा १,७९० ची, म्हणजे तिथे पंचवीस सेंटिमीटर. एका बाजूला भिंतीला चिकटवून लावली तर दुसऱ्या बाजूने सहज उतरता येतं. हायक्रॉस या दोघींच्या मधली, साधारण १,८५०.

सेडानमध्ये अडचण लांबीची. भारतात मिळणारी फाइव्ह सीरिज लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) आहे, ५,१६५ मिलिमीटर. ई-क्लासही तशीच, ५,०९२. साडेपाच मीटरच्या जागेत त्या बसतात, साडेचार मीटरच्या जागेत अर्धा मीटरहून जास्त डिकी रस्त्यात येते आणि रोज वॉचमनशी आणि शेजाऱ्यांशी वाद सुरू होतात. सी-क्लास ४,७५१, कॅम्री ४,९२०.

स्टॅक किंवा पझल पार्किंग (मशिनने गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर मशिनवर लावलेली पाटी वाचा. त्यावर पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या फळीवर, चालणारी उंची आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. काही पॅलेट फक्त सेडानच्या उंचीचे असतात. १,८३५ मिलिमीटरची फॉर्च्युनर किंवा १,९२३ ची थार रॉक्स त्यावर चढणारच नाही. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर वजन जास्त महत्त्वाचं, कारण मोठ्या बॅटरीच्या कित्येक गाड्या दोन टनांच्या पुढे जातात. पाटी पुसट झाली असेल तर सोसायटीच्या ऑफिसमधून मशिनच्या कंपनीचं पत्र मागून घ्या.

शेवटी बेसमेंटचा रॅम्प आणि गेटसमोरचा स्पीडब्रेकर. तीन मीटरहून जास्त व्हीलबेसची सेडान उंच ब्रेकरवरून जाताना पोटाला घासते, विशेषतः मागे तीन माणसं बसलेली असताना. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी बोलवा, माणसं भरा आणि त्या ब्रेकरवरून न्या. बहुतेक डीलर गाडी घरी पाठवतात. जो पाठवत नाही त्याच्याकडून इतक्या किमतीची गाडी का घ्यावी, मला समजत नाही.

घरातली माणसं आत बसवा

टेस्ट ड्राइव्हला नवरा-बायको दोघंच जातात आणि पुढच्या दोन सीटवर बसून येतात. गाडी मात्र आईबाबांसाठी, मुलांसाठी घेतलेली असते. सगळ्यांना घेऊन जा.

गुडघे दुखणाऱ्या आजींना आधी सेडानमध्ये बसवा. त्या दाराच्या वरच्या कडेला हात धरून खाली ‘पडतात’, आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मग त्यांना उंच एसयूव्हीकडे न्या: एक पाय फूटबोर्डवर, दुसरा हवेत, साडीचा काठ सीटच्या रुळात अडकलेला. दोन्ही त्रासाचंच. सीटची उंची त्यांच्या कमरेइतकी असेल तर त्या सरळ मागे टेकून बसतात आणि पाय आत घेतात. हायक्रॉससारख्या गाड्यांचं घराघरांत कौतुक होतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. उंची बघून हे कळत नाही, माणूस बसवूनच कळतं.

तिसऱ्या रांगेबद्दल विक्रेता म्हणेल, ‘सेव्हन सीटर आहे, सर.’ स्वतः मागे जा. दुसरी सीट एका हाताने पुढे सरकते का, की कुणीतरी बाहेरून लीव्हर ओढावा लागतो? बसल्यावर गुडघे छातीशी येतात का? मांडीखाली आधार आहे का, की सगळं वजन पाठीच्या मणक्यावर येतं? एसीचे व्हेंट तिथपर्यंत आहेत का, आणि पंख्याचा वेग मागून बदलता येतो का? दहा मिनिटं बसून राहा, फोटो काढण्यापुरतं नको. मग तिसरी रांग उभी ठेवून डिकी उघडा. गणपतीला सहा जण कोकणात निघालेत, त्यांच्या बॅगा, मखराचं सामान आणि परतीच्या फणस-नारळांची गोणी कुठे जाणार, हे तिथेच बघा. बहुतेक मध्यम एसयूव्हींत सात माणसं बसली की दोन केबिन बॅगांपलीकडे काही राहत नाही. अल्काझार किंवा कोडियाकची मागची रांग मी मुलांचीच धरतो. वर्षातून दोनदाच सात जण जाणार असतील तर पाच सीटची चांगली गाडी घेऊन त्या दोन वेळा इनोव्हा भाड्याने घेणं शहाणपणाचं.

सेडान मात्र दोन प्रकारच्या घरांना खरोखर शोभते. एक, जिथे ड्रायव्हर आहे आणि मालक रोज बीकेसी किंवा नरिमन पॉइंटला मागे बसून जातो. ई-क्लास आणि फाइव्ह सीरिजची वाढीव लांबी सगळी मागच्या पायांसाठीच आहे. दुसरं, जिथे स्वतः चालवणारा माणूस वीकेंडला एक्सप्रेसवेवर जातो आणि त्याला स्टीअरिंगचा आनंद हवा असतो. तिथे थ्री सीरिज. या दोन्हींपैकी काहीच नसेल आणि फक्त ‘मर्सिडीज हवी’ एवढंच असेल, तर तेही कारण चालतं. कष्टाने कमावलेल्या पैशाची हौस आहे. फक्त ती हौस आहे हे माहीत असू द्या, म्हणजे मग डिकी लहान पडल्याची तक्रार होत नाही.

इंधन ठरवताना तुमचा रोजचा रस्ता बघा

घोडबंदर ते अंधेरी, रोज दीड तास, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वापराला डिझेल गाडी मी सुचवत नाही. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिन काही वेळ एका वेगात, गरम राहून चालावं लागतं. रांगत चालणाऱ्या गाडीत ते होत नाही, दिवा लागतो, आणि मग गाडी मुद्दाम हायवेवर पळवावी लागते. दर आठवड्याला पुणे-नाशिक होत असेल तर डिझेलसारखं सुख नाही, सफारी किंवा फॉर्च्युनर तिथेच शोभते.

रोजच्या ट्रॅफिकला स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली) फार चांगली. हायक्रॉस आणि कॅम्री कमी वेगात बराच वेळ बॅटरीवर चालतात, ब्रेक लावताना तीच बॅटरी भरते, आणि प्लग लावायचा प्रश्न नाही. नावात नुसतं ‘हायब्रिड’ असेल तर ‘माइल्ड’ की ‘स्ट्राँग’ हे स्पष्ट विचारा. माइल्ड हायब्रिड केवळ बॅटरीवर धावत नाही.

इलेक्ट्रिकचं गणित आता बरंच बदललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे, आणि अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून त्यांना टोलही नाही. पण बुकिंगच्या आधी सोसायटीची चार्जरसाठीची परवानगी लेखी घ्या आणि तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कशी येणार हे इलेक्ट्रिशियनला प्रत्यक्ष दाखवा.

टेस्ट ड्राइव्ह : हळू चालवून बघा

शोरूमवाला तुम्हाला सी लिंककडे किंवा कोस्टल रोडवर नेईल. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही पेव्हर ब्लॉकचा उखडलेला रस्ता, मेट्रोच्या कामाजवळची वळणं आणि उड्डाणपुलाचे सांधे मागा. वेग वीस ते चाळीस. तुमचं आयुष्य याच वेगात जाणार आहे.

या वेगात दोन गोष्टी कळतात. पहिली, सस्पेन्शन. त्याच गाडीचा वरचा व्हेरिएंट मोठ्या चाकांवर येतो. अठरा इंचांच्या जागी वीस इंचांचं चाक आलं की टायरची भिंत बारीक होते आणि प्रत्येक खड्डा पाठीपर्यंत पोहोचतो. म्हणून जो व्हेरिएंट घेणार तोच चालवा. काही जर्मन गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात, पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालतात, पण कडक असतात आणि स्टेपनी मिळत नाही. काहींमध्ये बारीक स्टेपनी डिकीच्या अर्ध्या जागेत उभी असते. डिकी उघडून बघितल्याशिवाय सही करू नका.

दुसरी, गिअरबॉक्स. ट्रॅफिकमध्ये ब्रेकवरून पाय हळूच काढा आणि गाडी कशी सरकते ते बघा. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर हा प्रकार मऊ सरकतो. ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारात झटका जाणवतो का, आणि पुलाच्या चढावर रांगेत उभं राहून परत निघताना गाडी मागे येते का, हे तपासा. हायवेवर हे दोष लपतात.

मे महिन्यात दुपारी जात असाल तर नशीबवान आहात. उन्हात उभी असलेली गाडी मागा, एसी लावा आणि मागच्या सीटवरच्या माणसाला थंड वाटायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मोठं पॅनोरमिक सनरूफ मुंबईत मला फारसं पटत नाही: उन्हाळ्यात ताप, पावसाळ्यात झाडाचा पाला त्याच्या निचऱ्याच्या नळ्यांत अडकून छतातून पाणी. मुलांना हवंच असेल तर घ्या, पण दर जूनच्या आधी त्या नळ्या साफ करून घ्या.

स्क्रीन किती इंचांची, स्पीकर किती, याला पाच मिनिटं पुरे. फोन जोडून बघा, रिव्हर्स कॅमेरा रात्री बघा, झालं.

सुरक्षा

गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तारे बघताच, पण आत जाऊन दोन आकडे वाचा: मोठ्यांसाठी ३२ पैकी किती गुण आणि मुलांसाठी ४९ पैकी किती. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी. सफारी, हॅरियर, हायक्रॉस यांना पाच तारे आहेत. महागड्या जर्मन सेडानचे निकाल बहुतेक युरो एनकॅपचे असतात. तिथली आणि इथली गाडी नावाने सारखी असली तरी एअरबॅग आणि सहाय्यक यंत्रणा त्याच आहेत का, हे भारतातल्या माहितीपत्रकात पडताळा.

चाइल्ड सीट घरून घेऊन जा आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीटसाठी गाडीत दिलेल्या, कड्यांत अडकवून बघा. काही गाड्यांत त्या गादीच्या इतक्या आत असतात की रोज लावायचा कंटाळा येतो, आणि मग मूल मांडीवर बसतं.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि मजबूत होती, मागच्या सीटवर त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. गाडी निवडताना मागचे तिन्ही बेल्ट ओढून बघा: बकल सहज सापडतं का, की सीट कव्हरखाली गाडलं जाणार आहे? मधल्या माणसाला तीन टोकांचा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे का? डीलरच्या फुकट सीट कव्हरला नकार द्यायचं हेही एक कारण. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कव्हर तिच्या आड येतं.

एडास, म्हणजे आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन धरणारी यंत्रणा, एक्सप्रेसवेवर उपयोगी. शहरात रिक्षा पुढे घुसली की गाडी अचानक ब्रेक मारते आणि मागचा बाइकवाला आदळायची भीती. कोणते फीचर कायमचे बंद राहतात आणि कोणते दर वेळी पुन्हा चालू होतात, हे विचारा. आणि पुढची काच फुटली तर तिच्यामागचा या यंत्रणेचा कॅमेरा पुन्हा जुळवण्यासह खर्च किती, हेही.

कोटेशन ओळ न ओळ वाचा

ऑन-रोड किंमत एका आकड्यात घेऊ नका, कागदावर फोड मागा. समजा एक्स-शोरूम साठ लाख. २०२५ च्या दरांनुसार महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे सात लाख ऐंशी हजार. डिझेलला १५ टक्के, नऊ लाख. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, थेट बारा लाख. सीए ‘कंपनीत घ्या, घसारा मिळेल’ म्हणतो तेव्हा हा पेट्रोल गाडीवरचा चार लाख वीस हजारांचा फरक त्याच्या हिशोबात आहे का, ते विचारा. (जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा वीसवरून तीस लाख झाली आहे.)

दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो. हा खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो. विसरणारे खूप आहेत.

‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. डीलरच्या गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हे त्याचं काम. अॅक्सेसरीजचं पॅकेजही सक्तीचं नसतं.

विमा डीलरकडूनच घ्यावा असा नियम नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, त्याच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच अॅड-ऑनसह, मग डीलरचा आकडा खाली येतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, घ्याच. मुंबईत त्याहून महत्त्वाचं इंजिन प्रोटेक्ट. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे: पाण्यात गाडी बंद पडली की माणूस घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान नाकारलं जाऊ शकतं. तेव्हा गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टो करायची. हे ड्रायव्हरलाही सांगून ठेवा. उंदरांनी वायरिंग कुरतडल्याचं नुकसान पॉलिसीत येतं का, हाही प्रश्न लिहून न्या. बेसमेंटमध्ये कचऱ्याचे डबे असतील तर हा खर्च खरोखर होतो.

लक्झरी गाडीत आणखी एक कागद मागा: चार-पाच वर्षांच्या सर्व्हिस पॅकेजची आणि वाढीव वॉरंटीची किंमत, सोबत चार टायर, पुढचा बंपर आणि एका हेडलॅम्पची किंमत. एलईडी हेडलॅम्पचा आकडा ऐकून काही जण तिथेच विचार बदलतात, आणि ते बरंच आहे.

रजिस्ट्रेशनच्या आधी तपासणी

डिलिव्हरीच्या दिवशी रिबन आणि केक असतो, तपासणी नसते. म्हणून पीडीआय (डिलिव्हरीपूर्वीची तपासणी) त्याआधी, गाडी तुमच्या नावावर होण्यापूर्वी, भिवंडी-पनवेलकडच्या स्टॉकयार्डात जाऊन करा. एकदा आरटीओत नोंद झाली की गाडी बदलून मागणं फार कठीण.

दिवसाउजेडी जा. चॅसिस नंबर लिहून घ्या आणि नंतर इन्व्हॉइसशी जुळवा. बहुतेक कंपन्यांच्या चॅसिस नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं: इंग्रजी ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ २०२५, ‘टी’ २०२६. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या तारखांचे हवेत. एकच वेगळा दिसला तर का बदलला ते विचारा. दारांच्या कडा आणि बॉनेटचे बोल्ट बघा, रंग उडालेला बोल्ट म्हणजे पाना लागलेला आहे. कार्पेट उचलून खाली हात लावा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत ओल सापडते. ओडोमीटरचा फोटो काढा.

दसरा आणि गुढीपाडव्याला डिलिव्हरी घ्यायची असेल तर पीडीआय किमान आठवडाभर आधी उरकून घ्या. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये एवढी गर्दी असते की गाडी नीट धुतलेलीही नसते. डिसेंबरमध्ये चांगली सूट मिळते, पण गाडी त्या सरत्या सालची धरली जाते आणि पुढे विकताना किंमत कमी येते. तीन वर्षांत विकणार असाल तर तो तोटा सवलतीच्या रकमेशी ताडून बघा, आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर सूट बिनधास्त घ्या.

गाडी बाहेर काढताना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली, फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला, विम्याची प्रत फोनमध्ये आणि दोन्ही किल्ल्या हातात हव्यात. कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव बरोबर आलंय का बघा, आणि नंबर तुमच्या पत्त्याच्या आरटीओचाच आहे ना: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७.